उद्धरणांची मोजणी आणि संशोधनाचा परिणाम : डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या विंचूदंशविषयक लेखनाच्या आधारे एक विवेचन

सारांश

संशोधकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या शोधनिबंधांची संख्या, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि निबंधाला मिळालेली उद्धरणे या तीन गोष्टींचा आधार घेण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. हे मापदंड कोठून आले, ते नेमके काय मोजतात आणि कोणती गोष्ट त्यांच्या कक्षेबाहेर राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या विंचूदंशावरील लेखनाचे उदाहरण घेतले आहे. मुंबईतील डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांच्या रक्तगटविषयक निबंधाचाही तुलनेसाठी उल्लेख केला आहे.

बीजशब्द : उद्धरण, इम्पॅक्ट फॅक्टर, एच-निर्देशांक, विंचूदंश, प्राझोसिन, संशोधन-मूल्यमापन

प्रस्तावना

कल्याणहून मुरबाड किंवा शहापूरच्या दिशेने निघाले की तासाभरात शहर मागे पडते आणि भातखाचरे, पेंढ्याच्या उडव्या, दगडी बांध दिसू लागतात. ठाणे जिल्ह्याच्या या भागात, तसेच दक्षिणेकडे रायगड, रत्नागिरीपर्यंत पसरलेल्या कोकणपट्टीत, विंचूदंश ही ग्रामीण जीवनातील नित्याची आपत्ती आहे. कापणीच्या किंवा सरपण वेचण्याच्या कामात हातापायाला विंचू चावतो आणि रुग्णाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले जाते. तेथील वैद्यकीय अधिकारी त्याला प्राझोसिन नावाची गोळी देतो. या गोळीमागे ज्या संशोधकाचे काम आहे, त्याच्या निबंधाचा उल्लेख हा अधिकारी कोठेही करीत नाही. त्याला निबंध लिहायचा नसतो, रुग्ण वाचवायचा असतो. त्यामुळे संशोधनाचा हा सर्वांत मोठा उपयोग कोणत्याही उद्धरणसूचीत नोंदला जात नाही.

ही विसंगती महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयांत पदोन्नतीच्या वेळी अध्यापकाच्या प्रकाशनांची यादी तपासली जाते आणि तिचे अंकांत रूपांतर केले जाते. ज्या अंकांवर हा निर्णय अवलंबून असतो त्यांचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

१. उद्धरणगणनेचा उगम

एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा आधार म्हणून उल्लेख करणे म्हणजे उद्धरण, अर्थात प्रचलित भाषेत सायटेशन. या उल्लेखांची पद्धतशीर सूची करावी ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात मांडली. एखाद्या जुन्या निबंधावर पुढे कोणी टीका केली, कोणी दुरुस्ती सुचवली, कोणी त्याचा विस्तार केला, हे वाचकाला शोधता यावे हा त्यांचा हेतू होता. वकिलांना जुन्या निकालांचे पुढे काय झाले हे सांगणाऱ्या सूच्या अमेरिकेत आधीपासून उपलब्ध होत्या. गारफील्ड यांनी तोच विचार विज्ञानाकडे वळवला. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यातून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' आकारास आला.

इम्पॅक्ट फॅक्टरची कल्पनाही याच कामातून निघाली. सूचीत कोणती नियतकालिके समाविष्ट करावीत हे ठरविण्यासाठी एक साधन हवे होते. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या लेखांना चालू वर्षी सरासरी किती उद्धरणे मिळाली, एवढेच हा अंक सांगतो. तो नियतकालिकाचा अंक आहे. त्यातील एका विशिष्ट निबंधाचा किंवा त्या निबंधाच्या लेखकाचा तो अंक नव्हे. ग्रंथपालाला वर्गणी ठरविताना उपयोगी पडणारे हे साधन कालांतराने माणसांच्या मूल्यमापनासाठी वापरले जाऊ लागले, येथे मूळ हेतू आणि वापर यांत अंतर पडले. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी व प्रकाशकांनी याच गोष्टीकडे लक्ष वेधले. वैयक्तिक संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, अशी शिफारस त्यांच्या जाहीरनाम्यात आहे. हा जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

२. एच-निर्देशांक : एक साधे गणित

व्यक्तीच्या कार्यासाठी स्वतंत्र मापदंड हवा, म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक सुचविला. ज्या संशोधकाच्या किमान पाच निबंधांना प्रत्येकी किमान पाच उद्धरणे आहेत, पण सहा निबंधांना प्रत्येकी सहा नाहीत, त्याचा निर्देशांक पाच होय.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, 'अ' या संशोधकाच्या पाच निबंधांना अनुक्रमे ९, ७, ५, ४ आणि १ अशी उद्धरणे मिळाली. चार निबंधांना किमान चार उद्धरणे असल्याने त्याचा निर्देशांक ४ येतो. 'ब' या संशोधकाचे तीनच निबंध आहेत आणि त्यांना ४००, ३ व २ उद्धरणे आहेत. त्याचा निर्देशांक २ येतो. चारशे वेळा उद्धृत झालेल्या निबंधाचे सारे वजन या गणितात एका सामान्य निबंधाइतकेच भरते. सातत्याने काम करणाऱ्याला हा निर्देशांक न्याय देतो. मात्र एकाच मोठ्या शोधाने विषयाची दिशा बदलणाऱ्याला तो ओळखत नाही.

३. बिरवाडी ते लॅन्सेट : एक लेखनक्रम

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात देहेड या गावी झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाल्यावर १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.डी. पदवी घेतली आणि पुन्हा महाडलाच येऊन रुग्णसेवा सुरू केली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या त्यांच्या अनेक निबंधांच्या सहलेखिका आहेत. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले.

बिरवाडीत येणारे विंचूदंशाचे रुग्ण, विशेषतः लहान मुले, काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन दगावत असत. लाल विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार पडतो. अखेर हृदय थकते. याविषयी त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत ग्रामीण वैद्याच्या उपयोगाचे मार्गदर्शन तुटपुंजे होते.

डॉ. बावस्कर यांची या विषयावरील प्रकाशने वर्षक्रमाने मांडली तर त्यांतून प्रश्नांची एक साखळी दिसते. १९७७ मध्ये 'इंडियन हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी विंचूदंश आणि हृदयविकार यांचा संबंध नोंदविला. त्या टप्प्यावर प्रश्न होता की, रुग्ण कशाने मरतो? १९८२ मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. हृदयावर परिणाम होणार हे आधीच ओळखण्याची लक्षणे त्यात सांगितली होती. उलटी, दरदरून घाम, हातपाय थंड पडणे ही लक्षणे टिपण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. येथे प्रश्न होता की, कोणता रुग्ण धोक्यात आहे हे आधी कसे कळेल? १९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्येच बावस्कर दांपत्याचा प्राझोसिनविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. प्राझोसिन हे रक्तदाबावरील तोंडाने घ्यावयाचे औषध. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहींना अडविते आणि त्यामुळे विषाच्या परिणामाच्या मुळाशीच घाव बसतो. अतिदक्षता विभाग नसलेल्या केंद्रातही गोळी देता येते, हा या उपायाचा मोठा व्यावहारिक गुण होता. आता प्रश्न होता की, धोक्यातील रुग्णाला कशाने वाचवावे?

या निबंधाने अवघी दोन पृष्ठे व्यापली आहेत. तरीही त्याचा परिणाम मोठा झाला. प्राझोसिनपूर्वी गंभीर विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर ते सुमारे एक टक्क्यावर आले, असे डॉ. बावस्कर यांच्या नंतरच्या निबंधांत नमूद आहे. पुढे १९९६ मध्ये 'क्यूजेएम', १९९८ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स', २००० मध्ये 'जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया' अशा नियतकालिकांतून हे निरीक्षण अधिक रुग्णांच्या आधारे मांडले गेले.

या क्रमातील सर्वांत बोलका टप्पा २०११ चा आहे. विंचूच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर प्राझोसिन पुरेसे आहे की प्रतिविष अधिक उपयोगी, असा वाद निर्माण झाला होता. डॉ. नातू व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयाच्या अनुभवावरून प्रतिविषाची उपयुक्तता मांडली होती. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर चाचणी घेतली. ३५ रुग्णांना केवळ प्राझोसिन आणि ३५ रुग्णांना प्राझोसिनसह प्रतिविष देण्यात आले. कोणाला कोणता उपचार द्यावयाचा हे यदृच्छेने ठरविले होते. दहा तासांनंतर पहिल्या गटातील ८ आणि दुसऱ्या गटातील ३२ रुग्ण पूर्णपणे लक्षणमुक्त झाले होते. बरे होण्यास पहिल्या गटाला सरासरी १७.७ तास, तर दुसऱ्याला ८ तास लागले. हा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या औषधामुळे संशोधकाला जगभर ओळख मिळाली, ते एकटे पुरेसे वेगाने काम करीत नाही, हे त्याच संशोधकाने स्वतःच्या चाचणीने दाखविले. प्रकाशनांच्या यादीत ही केवळ आणखी एक ओळ आहे. संशोधनाच्या सचोटीच्या दृष्टीने ती कदाचित सर्वांत मोलाची ओळ ठरेल.

२०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने विंचूदंशावर परीक्षणलेख प्रसिद्ध केला. त्याचे लेखक ऑस्ट्रेलियातील जेफ्री इस्बिस्टर आणि डॉ. बावस्कर हे होत. प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झालेले निरीक्षण जागतिक वैद्यकाच्या संदर्भसाहित्यात पोहोचले, याची ही औपचारिक नोंद म्हणता येईल.

४. उद्धरणे काय सांगतात

या लेखनक्रमातील उद्धरणांचा मागोवा घेतल्यास तीन गोष्टी कळतात. पहिली, संशोधनाचा प्रवास. तुर्कस्तानातील डॉक्टरांनी प्राझोसिनच्या वापराविषयी लिहिले, उत्तर भारतातील बालरोगतज्ज्ञांनी लिहिले आणि या लेखनातून महाडचे काम पुन्हा पुन्हा संदर्भिले गेले. दुसरी, मतभेद. प्रतिविषाचा पुरस्कार करणाऱ्या निबंधांतही प्राझोसिनविषयीचे उल्लेख आहेत आणि ते नेहमी सहमतीचे नाहीत. उद्धरण म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. विरोध करणारा संशोधकही उद्धृत करतोच, आणि गणना दोहोंना सारखीच मोजते. तिसरी, सहकार्य. 'एच. एस. बावस्कर' आणि 'पी. एच. बावस्कर' ही दोन्ही नावे सूचीत स्वतंत्रपणे येतात आणि संयुक्त निबंधाची उद्धरणे दोघांच्या खात्यावर जमा होतात. लोकचर्चेत सहलेखिकेचे नाव अनेकदा गळून पडते. सूचीत मात्र ते राहते, हा सूचीचा एक गुणच म्हणावा लागेल.

स्व-उद्धरणाचा मुद्दाही येथे विचारात घ्यावा लागतो. आपल्याच जुन्या निबंधांचा उल्लेख वाढवून गणना फुगविता येते, हे खरे आहे. तथापि ज्या विषयावर वर्षानुवर्षे मोजकेच लोक लिहीत असतात तेथे संशोधकाला स्वतःच्या आधीच्या कामाचा आधार घ्यावाच लागतो. १९८२ ची लक्षणे न सांगता १९८६ चा उपचार समजावून सांगता येणार नाही. म्हणून स्व-उद्धरणांची संख्या नोंदवितानाच ती कोठे व कशासाठी आली हेही पाहणे आवश्यक आहे.

५. उद्धरणे काय सांगत नाहीत

पहिली मर्यादा काळाची. इम्पॅक्ट फॅक्टर दोन वर्षांच्या खिडकीतून पाहतो. १९८६ च्या लेखाचा उल्लेख १९८७ किंवा १९८८ मध्ये झाला तरच तो त्या गणनेत येईल. विंचूदंशासारख्या ग्रामीण आजारावरचे काम हळूहळू पसरते. त्याचा खरा प्रभाव दहा, वीस, अठ्ठावीस वर्षांनी दिसतो.

दुसरी मर्यादा वाचकवर्गाची. उद्धरण केवळ तेच लोक करतात जे निबंध लिहितात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, तालुक्याचा डॉक्टर हे संशोधन वापरतात, पण लिहीत नाहीत. ज्या आजाराचे रुग्ण गरीब व ग्रामीण असतात, त्यावर लिहिणारे संशोधकही जगात थोडे असतात. साहजिकच विंचूदंशावरील उत्कृष्ट निबंधाला कर्करोगावरील सामान्य निबंधाइतकी उद्धरणे मिळतीलच असे नाही. हा फरक गुणवत्तेचा नसून विषयाच्या क्षेत्रातील लोकसंख्येचा आहे.

तिसरी मर्यादा अधिक चमत्कारिक आहे. एखादे ज्ञान इतके सर्वमान्य होते की त्याचा मूळ निबंध सांगण्याची गरजच कोणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे वर्णन समावेशनातून होणारा विलोप अशा आशयाने केले आहे. याचे उत्तम उदाहरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. नेहमीच्या तपासणीत हा गट 'ओ' वाटतो, पण 'ओ' गटाचे रक्तही या व्यक्तींना चालत नाही. तोच पुढे 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला. ठाण्यातील किंवा डोंबिवलीतील रक्तपेढीत या गटाच्या दात्यासाठी धावपळ होते तेव्हा 'बॉम्बे' हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, मूळ निबंध कोणाच्याही हाती नसतो. शहराचे नाव शोधाला मिळाले आणि शोध सर्वांचा झाला. एच-निर्देशांकात मात्र या निबंधामुळे लेखकाच्या खात्यावर फार तर एकाची भर पडते.

६. महाविद्यालयीन संशोधनाच्या संदर्भात

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे शैक्षणिक कामगिरी निर्देशकांची, म्हणजे एपीआय गुणांची पद्धत आणली. तिने प्रकाशनाला अंकमूल्य दिले. अंक मिळवून देणारी नियतकालिके झपाट्याने वाढली. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली आणि २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर 'यूजीसी-केअर' यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविली. पंधरा वर्षांत याद्या आल्या आणि गेल्या. निबंध वाचून त्याची प्रत ठरविण्याचे काम मात्र प्रत्येक वेळी शिल्लकच राहिले.

ही जबाबदारी आता महाविद्यालयांकडे आली असल्याने बावस्करांच्या उदाहरणातून काही व्यवहार्य सूत्रे काढता येतात. अध्यापकाच्या प्रकाशनांची यादी प्रथम वर्षक्रमाने लावावी आणि प्रत्येक निबंधापुढे त्याने विचारलेला प्रश्न एका वाक्यात लिहावा. प्रश्न एकमेकांतून उगवत असतील तर ते संशोधन आहे. दरवर्षी विषय बदलत असेल आणि प्रश्न लिहिताच येत नसेल तर ती केवळ मोजदाद आहे. त्यानंतर उद्धरणांची संख्या पाहण्याऐवजी उद्धृत करणारी निदान चार-पाच वाक्ये वाचावीत. निबंधाचा आधार घेतला आहे, खंडन केले आहे की केवळ नामोल्लेख आहे, हे त्यावरून कळते. शेवटी निबंधाच्या बाहेरचा उपयोग शोधावा. पाठ्यपुस्तकात, उपचारपद्धतीत, नगरपालिकेच्या किंवा न्यायालयाच्या कामकाजात त्याचा वापर झाला आहे काय, याची लेखी नोंद मागवावी.

तिसरे सूत्र या परिसरातील अध्यापकांना विशेष लागू पडते. उल्हास नदीच्या पाण्यावर, ठाणे खाडीतील जीवसृष्टीवर, मुरबाड-शहापूरच्या आदिवासी बोलींवर किंवा उपनगरी रेल्वेने प्रवास करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर लिहिलेला निबंध जगभरातून उद्धृत होण्याची शक्यता कमी आहे. मराठीत लिहिलेला असेल तर मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत तो बहुधा दिसणारही नाही. त्यावरून तो निरुपयोगी ठरत नाही. मात्र 'विषय स्थानिक आहे' हे सबळ कारण ठरावे यासाठी निबंधाने एक अट पाळावी लागते. तो स्थानिक प्रश्नाचे काही नेमके उत्तर देणारा असला पाहिजे. बिरवाडीचा प्रश्न अत्यंत स्थानिक होता, आणि उत्तर इतके नेमके होते की ते बिरवाडीबाहेरही खरे ठरले.

समारोप

उद्धरणगणना ही ज्ञानाच्या प्रवासाचा माग काढण्यासाठी निर्माण झालेली उपयुक्त पद्धत आहे. ती टाकून द्यावी असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे नाही. महाडच्या कामाचा तुर्कस्तानपर्यंतचा माग तिच्यामुळेच काढता आला. परंतु माग काढण्याचे साधन तराजू म्हणून वापरले की चूक होते. दोन पृष्ठांचा लेख, स्वतःच्या औषधाची पुन्हा घेतलेली कसोटी, सर्वांच्या तोंडी असलेल्या रक्तगटाचे नाव आणि आरोग्य केंद्रात वाचलेले मूल या चार गोष्टींपैकी पहिल्या दोन सूचीत सापडतात. उरलेल्या दोन शोधण्यासाठी मूल्यमापन करणाऱ्याला निबंध उघडून वाचावा लागतो आणि त्याचे पुढे काय झाले हे विचारावे लागते. पदोन्नतीच्या समितीत बसणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला एवढा वेळ काढता आला, तर यादीतील अंकांनाही योग्य तो अर्थ प्राप्त होईल.